मास्तरांचा घोडा

१

मखमलची आयाळ कापल्याची बातमी आली तेव्हा मी शिंकत होतो. रेसकोर्सवर नोकरी करायची आणि घोड्याचा केस दिसला की शिंकायचं, असा माझा योग. सगळं आयुष्य विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरातले डबे कसे लावावेत हे बायकोला शिकवू लागलो, तेव्हा तिनंच ओळखीतून मला इथे चौकशी अधिकारी म्हणून चिकटवून दिलं. मला घोड्यांची भीती वाटते हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच चिकटवलं असावं.

सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत मखमलचे ट्रेनर टेबलावर मुठी आपटत होते. मखमल ही त्यांची काळीभोर घोडी. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे आजच, ती मोठ्या शर्यतीत धावणार होती. सकाळीच तिची आयाळ गुंफून, सजवून ठेवली होती. तिची देखभाल करणारा मोतद्दार न्याहारी करून परत येतो तर सगळ्या वेण्या सुटलेल्या, आणि कानामागची एक वेणी तर कापून नेलेली.

"शर्यतीच्या दिवशी घोडीचे केस कापायचे!" ट्रेनर म्हणाले. "या धंद्यातला माणूस स्वप्नातसुद्धा हे करणार नाही. आणि केसांपर्यंत ज्याचा हात पोचला, तो तिच्या तोंडात काय घालून गेला असेल, कुणी सांगावं?"

"डॉक्टरांनी तपासलंय. घोडी ठणठणीत आहे," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "आणि माणूसही सापडलाय."

त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे स्टुलावर मास्तर बसले होते.

या हंगामात मास्तरांना ओळखत नाही असा माणूस रेसकोर्सवर नव्हता. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं टेलरिंगचं दुकान. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात काढायची राहून गेलेली मोजपट्टी. याआधी कधी रेसकोर्सची पायरी न चढलेला हा माणूस यंदा एकही दिवस चुकला नव्हता. दर दिवशी एकच घोडा घ्यायचा, तोही असा की लोकांनी हसावं. पण त्यातले दोन घोडे चक्क जिंकले, तेही भलत्या भावात, आणि तबेल्यातली बातमी मास्तरांना फुटते अशी कुजबुज सुरू झाली. आज पहारेकऱ्यानं त्यांना तबेल्याच्या मागच्या फाटकापाशी पकडलं होतं. बाहेरच्या माणसाला तिथे सक्त मनाई.

"आणि खिशात हे होतं." सेक्रेटरीसाहेबांनी टेबलावरचा रुमाल उघडला.

आत एक वेणी होती. काळी, दाट, पाच पेडांची. वरचं टोक दोऱ्यानं शिवलेलं, खालचा भाग मात्र सैल होत चाललेला.

"मखमलची वेणी अशीच होती," ट्रेनर म्हणाले. "पाचपेडी. आज अख्ख्या कोर्सवर दुसऱ्या कुठल्याही घोड्याला अशी वेणी नाही."

सेक्रेटरीसाहेबांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. मास्तरांना रेसकोर्सवर कायमची बंदी. माझी सही झाली की काम संपलं.

"मास्तर, तुमचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

मास्तरांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते. "बंदी घाला साहेब. उद्यापासून घाला. आजचा दिवस तेवढा मला घोडे फिरवतात तिथे उभं राहू द्या." मग त्यांनी टेबलावरच्या वेणीकडे बोट केलं. "आणि ते मला परत द्या."

चोरी कबूल करणारी आणि नाकारणारी माणसं मी पोत्यानं पाहिली होती. चोरीचा माल परत मागणारा हा पहिलाच.

२

मोठ्या शर्यतीचे घोडे फिरवायच्या रिंगणात येईपर्यंत मी मुदत मागून घेतली. सेक्रेटरीसाहेबांनी तोंड वाकडं केलं, पण दिली. मी थेट कॅन्टीन गाठलं. रेसकोर्सवर खरी माहिती हवी असेल तर हरलेल्या माणसाला चहा पाजावा, आणि आमच्याकडचे सगळ्यात अनुभवी हरलेले म्हणजे वकील. कोर्टात त्यांचा दरारा होता म्हणे. इथे घोडे त्यांना भीक घालत नसत.

"मास्तरांचे घोडे?" वकिलांनी चष्मा पुसला. "मला तोंडपाठ आहेत. पहिल्यांदा तोफखाना. शेवटून पहिला आला. मग कारकून. तो तर सुटायच्या फाटकातून बाहेर यायलाच तयार नव्हता. आम्ही पोट धरून हसलो. मग धांदल. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, आणि जिंकली! पुढच्या खेपेला बडेजाव. म्हातारा घोडा हो, त्याला तर निवृत्त करणार होते. तोही जिंकला. आमचं हसू तिथेच बंद झालं. गेल्या वेळी कोकरू, ते आपलं मध्येच कुठेतरी आलं."

"यात काही सूत्र?"

"तेच तर! तबेले वेगळे, ट्रेनर वेगळे, जॉकी वेगळे. घराणं पाहिलं, वजन पाहिलं, आधीच्या शर्यती पाहिल्या. कश्शाचा कश्शाला मेळ नाही. माझा अभ्यास वाया गेला आणि शिंप्याचा घोडा जिंकला, याचा अर्थ एकच. आतून बातमी मिळते."

"मग ते जिंकल्यावर खूश होत असतील."

वकील जरा घुटमळले. "नाही, तेवढं मात्र विचित्र आहे. शर्यत बघतच नाहीत. घोडे रिंगणात फिरवतात तेव्हा कठड्याला अगदी चिकटून उभे राहतात. आम्ही सगळे घोड्याचे पाय बघतो, छाती बघतो. हे बघतात मानेकडे. मग तिकीट काढतात, इथे येऊन मोठ्यानं सांगतात, आणि मागच्या बाकावर जाऊन बसतात. धांदल जिंकली तेव्हा मी धावत सांगायला गेलो, तर म्हणाले, 'असं का? बरं झालं.' जशी काही शेजाऱ्यांची मुलगी पास झाली!"

"मोठ्यानं सांगतात?"

"ओरडून," चहा गाळता गाळता कॅन्टीनवाल्या मावशी म्हणाल्या. "एरवी त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. साखर जास्त हवी तरी बोलणार नाही. पण घोडा ठरला की हे असे मधोमध उभे राहतात आणि दुकानाची पाटी वाचावी तसं सांगतात, 'आज माझी धांदल!' मग काय, दिवसभर जो तो मला तेच विचारतो, मास्तरांनी कोणता घेतला? जॉकी विचारतात, मोतद्दार विचारतात. ती घोड्यांच्या वेण्या घालणारी वेणीवाली तर चहासुद्धा घेत नाही, एवढं विचारते आणि जाते. काल तर साहेबलोकांचीच चर्चा चालली होती इथे, की उद्या मास्तर ज्या घोड्याला हात घालतील, त्या घोड्याच्या माणसांसकट त्यांना धरायचं."

"हे कुणी कुणी ऐकलं?"

"ऐकायला काय, सकाळपासून मीच सगळ्यांना सांगतेय," मावशी अभिमानानं म्हणाल्या.

मी चहा तसाच ठेवून उठलो. विमा कंपनीत एक गोष्ट पक्की शिकलो होतो. चोरून बातमी मिळवणारा माणूस कुजबुजतो. मास्तर ओरडत होते. म्हणजे घोडा जिंकण्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, तो घोडा त्यांनी घेतला हे कुणाला तरी ऐकू जायला हवं होतं.

३

तबेल्यात जाताना मी रुमाल नाकाला घट्ट धरला होता. मखमल ठाणातून डोकं बाहेर काढून उभी होती. मी अंतर राखून उभा राहिलो, तर तिनं मान लांब केली आणि माझ्या खांद्यावर नाक टेकवलं. मी शिंकलो. ती दचकली. आमची ओळख झाली.

"बघा साहेब, आज गरीब गाय झालीये," मोतद्दार म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "एरवी अनोळखी माणसाला चावल्याशिवाय सोडत नाही. तुम्हाला माझ्याबरोबर आलेलं बघितलं म्हणून गप्प. माझी नोकरी जाणार बहुतेक. न्याहारीला गेलो, तेवढ्यात झालं."

"आरडाओरडा, खिंकाळणं, काही ऐकू आलं?"

"काही नाही. शेजारच्या ठाणातली माणसंही म्हणाली, काहीच आवाज नाही."

मी धीर करून मानेकडे पाहिलं. आयाळीचे केस वेण्यांतून नुकतेच सुटल्यामुळे अजून नागमोडी होते. कानामागे एका जागी मात्र तिरपी कात्री चाललेली दिसत होती. बाकीचे केस मानेवर आखूड, एका रेषेत पडले होते.

"केस इतके आखूड का?"

"शर्यतीच्या घोड्याची आयाळ वीतभरच ठेवतात साहेब. जास्त वाढली की जॉकीच्या बोटांत अडकते. शेपटी ठेवतो लांब." त्यानं शेपटीला हात लावून दाखवला. शेपटीचा एकही केस कुणी कापलेला नव्हता.

खाली गवतात काळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे पडले होते. मी वाकून एक उचलला. "हे काय?"

"वेणीचा दोरा. बाकीचे लोक रबर लावून मोकळे होतात, वेणीवाली मात्र सुईनं शिवते. मजबूत बसतं. सोडवायचं म्हटलं की एकेक टाका कापत बसावं लागतं. घाई केली तर केसही हातात येतात."

मी तो तुकडा बोटांत धरून उभा राहिलो. ज्याला केसच पळवायचे आहेत तो कात्री मारून पळेल. इथे कुणीतरी एकेक टाका शोधून कापत बसलं होतं. म्हणजे केस न्यायचे नव्हते, वेण्या सोडवायच्या होत्या. आणि घोडी हूं की चूं न करता उभी राहिली होती.

"सगळ्या तबेल्यांत ज्यांचं येणंजाणं आहे, अशी माणसं किती?"

"डॉक्टर. नाल ठोकणारा. आणि वेणीवाली. ती सगळ्यांच्याच घोड्यांच्या वेण्या घालते."

"सगळ्यांना अशीच पाचपेडी?"

"नाही हो, सगळ्यांना साधी तीनपेडी." मोतद्दारानं डोकं खाजवलं. "दर वेळी एखाद्याच घोड्याला पाचपेडी. का ते कुणी विचारलं नाही. छान दिसते. मागे त्या धांदललाही होती."

"आणि बडेजावला?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

४

माझ्या खोलीत मास्तर खिडकीपाशी उभे होते. तिथून रिंगणाचा कठडा दिसत होता. मी दार लावलं आणि रुमाल टेबलावर उघडला.

"मास्तर, तुमची मोजपट्टी द्या."

त्यांनी मुकाट्यानं गळ्यातून काढून दिली. मोजायचीही गरज नव्हती. वेणी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब होती, आणि मखमलची आयाळ वीतभर. आम्ही सगळे तिच्याभोवती जमून आरडाओरडा करत होतो आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. रेसकोर्सवर राहून राहून केस दिसला की तो घोड्याचाच वाटतो. मी वेणी नाकाजवळ नेली. डांबरगोळ्यांचा वास आला, जुन्या पेटीतल्या कपड्यांना येतो तसा. आणि मला शिंक आली नाही.

"माणसाचे केस आहेत," मी म्हणालो. "मुलीचे?"

मास्तर खाली बसले. मी परत दिलेली मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळत बोलू लागले.

"तिला घोड्यांचं वेड होतं. मला कळायचंच नाही हे वेड आलं कुठून. आमच्या घराण्यात कुणी गाढवसुद्धा पाळलं नाही. दुसऱ्या गावच्या तबेल्यात काम मिळतंय, जाते म्हणाली. मी म्हटलं, जायचं तर जा, पण या घरातलं काही बरोबर न्यायचं नाही. रागात बोललो. वाटलं, रडेल आणि राहील. सकाळी उठून बघतो तर मशीनवर ही ठेवलेली. तिची आई रोज घालायची ही वेणी, लहानपणापासून. कात्री माझीच, कापड कापायची. ती पण जागच्या जागी ठेवून गेली."

"आणि मग?"

"मग काय. तिची आई माझ्याशी महिनाभर बोलली नाही. आम्ही शोधलं, पण घोड्यांची माणसं हंगामागणिक गावं बदलतात. यंदा कुणीतरी म्हणालं, तसली एक मुलगी इथे दिसली होती. तबेल्यात कुणी सोडेना. म्हणून तिकीट काढून आत आलो. घोडे फिरायला लागले, आणि त्या तोफखान्याच्या मानेवर बघितलं तर आमच्या घरातली वेणी."

त्यांनी डोळे पुसले आणि ओशाळं हसले. "तिला कळावं, मी बघितली. म्हणून तो घोडा घेतला आणि ओरडून सांगितलं. पुढच्या वेळी पुन्हा एकाच घोड्याला तशी वेणी. मग मला समजलं की तिलाही कळलंय."

"अहो, मग निरोप का नाही पाठवला? मावशींना सांगितलं असतं तरी क्षणात पोचला असता."

"आणि ती 'भेटायचं नाही' म्हणाली असती तर?" मास्तर म्हणाले. "असं निदान दर शर्यतीला काहीतरी बोलणं होत होतं साहेब. तेही गेलं असतं तर मी काय केलं असतं? पण उद्या तबेले रिकामे होणार. आज भेटल्यावाचून इलाज नव्हता. मला तिला एक गोष्ट सांगायची आहे, माझ्याच तोंडून सांगायची आहे. म्हणून फाटकापर्यंत गेलो."

"मग सकाळी सगळ्यांसमोर हे का नाही बोललात?"

"पहारेकरी म्हणत होते, दोरे कापून वेण्या सोडल्यात. शिवलेली वेणी म्हणजे तिचीच. काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं, पण तिचं नाव मी कसं घेणार? एकदा माझ्यामुळे तिचं घर गेलं, आता कामही जायचं?"

बाहेर घंटा वाजली. मोठ्या शर्यतीचे घोडे तयार होऊ लागले होते. माझ्या हातात वेळ उरला नव्हता, आणि अजून एका माणसाशी बोलायचं राहिलं होतं.

५

वेणीवाली शेवटच्या तबेल्यात, चाऱ्याच्या खोलीत गंजीवर बसली होती. तिशीची बाई, केस मुलांसारखे आखूड कापलेले. कमरेच्या पट्ट्यात सुया, दोऱ्याची रिळं आणि एक छोटी कात्री होती. मला बघून ती उठली नाही.

"मखमलच्या वेण्या तुम्ही सोडवल्यात, ताई," मी म्हणालो. "घोडी ओळखीच्या हाताशिवाय उभी राहिली नसती. आणि टाके कुठे घातलेत हे ज्यानं घातले त्यालाच माहीत. केस कापायचे नव्हते तुम्हाला. घाई झाली."

तिनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि बोटाएवढी काळी वेणी काढली. "घाईच झाली. टाक्याबरोबर केसही कापले गेले. टाकून द्यायला गेले, पण टाकवली नाही. मी सांगणार होते, शर्यत संपल्यावर. मोतद्दाराची नोकरी जाऊ देणार नव्हते."

"का सोडवल्यात?"

"मावशी सकाळी म्हणाल्या ना, आज ते ज्या घोड्याला हात घालतील त्यावरून त्यांना पकडणार. म्हटलं, आज त्यांना घोडाच सापडू नये. कुठेच पाचपेडी दिसली नाही की ते खेळणार नाहीत, आणि सुटतील." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "सुटले ना ते?"

मला हसावं की रडावं कळेना. ज्याला वाचवायला तिनं वेण्या सोडवल्या, तो नेमका त्याच सकाळी तिला भेटायला फाटकापर्यंत आला आणि त्याच वेण्यांपायी पकडला गेला. मी तिला सगळं सांगितलं. त्यांच्या खिशात काय सापडलं तेही सांगितलं.

तिचा हात आपोआप मानेमागे गेला, जिथे आता वेणी नव्हती.

"जपून ठेवली त्यांनी?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, फेकून दिली असेल."

"एक विचारायचं राहिलं. पाचपेडीसाठी घोडा कसा निवडायचात? मला सेक्रेटरींना उत्तर द्यायचंय. दोन घोडे जिंकलेत."

"निवडायचा कसला? पाचपेडीला वेळ लागतो. सगळ्यांच्या वेण्या झाल्या की शेवटी जो घोडा उरेल त्याला घालायची. कधी तोफखाना, कधी धांदल. जिंकतो की हरतो हे मी कधी बघितलंच नाही. ते ओरडले की नाही एवढंच विचारायचे."

वकिलांना हे कळलं असतं तर त्यांनी अन्नपाणी सोडलं असतं.

"मग कधी भेटायला का नाही गेलात? कठडा काय लांब आहे?"

"ते म्हणाले होते, या घरातलं काही न्यायचं नाही. मी तर वेणी घेऊनच आले होते साहेब, बोटांत. दर वेळी वाटायचं, ते चिडतील. आणि दर वेळी ते घोडा घ्यायचे." ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "घरी जाऊन आईला सांगत असतील, एवढं पुरायचं मला. आई विचारत असेल ना, आज कोणत्या घोड्याला होती म्हणून."

मास्तरांना जी गोष्ट स्वतःच्या तोंडून सांगायची होती, ती आत्ता माझ्या लक्षात आली होती.

६

सेक्रेटरीसाहेबांपुढे मी दोन्ही वेण्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक कोपरभर, एक बोटभर. दोन्ही पाचपेडी, दोन्हींचा शिवायचा टाका एकच, शिंप्याच्या घरातला. बातमी फुटलेली नव्हती, कारण बातमी कुणाकडे नव्हतीच. ज्या बाईनं घोडा दाखवला तिला तो कसा धावणार हे माहीत नव्हतं, आणि ज्यानं घेतला त्याला ते जाणून घ्यायचं नव्हतं. घोडे जिंकले ते आपल्या मनानं. ट्रेनरसाहेबांनी घोडीकडे जाऊन एकवार पाहिलं आणि म्हणाले, एका वेणीनं काय बिघडतं, पळवू या. वेणीवालीला समज मिळाली. बंदीचा कागद मी फाडला. तो आवाज मला फार आवडला, हे कबूल केलं पाहिजे.

घोडे रिंगणात फिरू लागले होते. मखमल सुट्या आयाळीनं, कानामागच्या कातरलेल्या जागेसह, ऐटीत चालली होती. गर्दी घोड्यांचे पाय बघत होती. मास्तर कठड्यापाशी आपल्या नेहमीच्या जागी उभे होते. मी रुमाल त्यांच्या हातात दिला आणि बाजूला झालो. फार बाजूला नाही. चौकशी अधिकाऱ्याला तेवढी मुभा असते.

ती त्यांच्या मागून आली. "बाबा," म्हणाली.

मास्तर वळले. हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. तिच्या आखूड केसांकडे ते बघत राहिले.

"बारीक झालीस," ते म्हणाले.

"तुम्ही पण."

समोरून घोडे जात होते, नाल वाजत होते. शेवटी तिनंच धीर केला.

"वेणी ओळखायचात ना, दर वेळी?"

"लगेच. लांबूनच."

"मग घरी जाऊन आईला सांगायचात ना? तिला काय वाटायचं?"

मास्तरांनी रुमाल उघडला आणि ती वेणी तिच्यापुढे धरली. खालचे पेड सुटून मोकळे लोंबत होते.

"ती दर महिन्याला पेटीतून काढायची," ते म्हणाले. "सोडायची, विंचरायची, तेल लावायची आणि पुन्हा घालून ठेवायची. म्हणायची, पोर आली की जशीच्या तशी द्यायची. मागच्या हिवाळ्यापासून ते हात नाहीत, वेणी सुटत चालली आहे बघ. सगळं शिवता येतं मला. पण पाचपेडी येत नाही गं. मी तिला कधी विचारलंच नाही, कशी घालतात."

ती त्या सुट्या पेडांकडे बघत राहिली. मग तिनं तोंडावर हात घेतला. तिचे खांदे हलत राहिले. मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि त्यांनी तो ठेवला. मागे शर्यत सुटल्याची आरोळी उठली. सगळी गर्दी पलीकडच्या कठड्याकडे धावली आणि रिंगणापाशी आम्ही तिघंच उरलो.

थोड्या वेळानं ती तिथेच गवतावर बसली. मास्तरही गुडघे सावरत तिच्यासमोर बसले. तिनं वेणी हातात घेतली, सैल झालेला भाग पुरा सोडवला, बोटांनी विंचरला आणि पाच पेड वेगळे केले.

तेवढ्यात वकील धापा टाकत आले. मखमल दुसरी आली होती म्हणे, थोडक्यात हुकली. "मास्तरांनी आज कोणता घेतला होता?" त्यांनी मला विचारलं.

"आज मास्तर खेळले नाहीत," मी म्हणालो आणि त्यांना दंडाला धरून चहाला घेऊन निघालो. जाताना मागून तिचा आवाज ऐकू आला.

"हे वरचं टोक धरा, बाबा. घट्ट. सोडू नका हं."

"नाही सोडत," मास्तर म्हणाले.